किंग कॅम्प जिलेट

किंग कॅम्प जिलेट (जन्म : ५ जानेवारी १८५५, फॉन्ड डू लॅक, विस्कॉन्सिन, अमेरिका, मृत्यू : ९ जुलै १९३२, लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संशोधक, उद्योजक आणि सामाजिक विषयांवरील लेखक होते. पातळ, दुधारी व वापरून टाकून देण्याजोगे पोलादी पाते बसवलेला सेफ्टी रेझर त्यांनी प्रचारात आणला. सेफ्टी रेझर ही कल्पना मात्र त्यांच्या आधीची आहे. धार लावत बसावे न लागणारे, स्वस्त आणि सहज बदलता येणारे पाते हे त्यांचे खरे योगदान होय. पात्यांच्या वेष्टनावरील छायाचित्र व स्वाक्षरीमुळे त्यांचा चेहरा जगभर ओळखीचा झाला. स्पर्धेवर आधारलेली अर्थव्यवस्था मोडून तिच्या जागी सामुदायिक व्यवस्था आणावी, असा विचार मांडणारी पुस्तकेही त्यांनी लिहिली. त्यांच्या जीवनातील ही विसंगती चरित्रकारांच्या कुतूहलाचा विषय ठरली आहे.

बालपण आणि कुटुंब

जिलेट यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील फॉन्ड डू लॅक या गावी झाला आणि त्यांचे बालपण शिकागो शहरात गेले. वडील जॉर्ज वोलकॉट जिलेट हे लोखंडी सामानाचे व्यापारी होते व त्यांना यंत्रांची आवड होती. घरात नवनव्या युक्त्या करून पाहण्याचे वातावरण असल्याने ही आवड मुलांमध्येही उतरली. आई फॅनी लेमिरा जिलेट यांचे पाककलेवरील पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. 'द व्हाइट हाऊस कुक बुक' या नावाच्या या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहराला लागलेल्या भीषण आगीत जिलेट कुटुंबाचा व्यवसाय भस्मसात झाला. किंग त्या वेळी सोळा वर्षांचे होते. औपचारिक शिक्षण पुढे न नेता ते नोकरीला लागले. लोखंडी सामानाच्या दुकानातील कारकुनी आणि नंतर फिरत्या विक्रेत्याचे काम हेच पुढील सुमारे तीन दशके त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. या काळात त्यांनी काही लहानसहान शोधांची एकस्वे मिळवली, परंतु त्यांतून उल्लेखनीय अर्थप्राप्ती झाली नाही. १८९० मध्ये ॲटलांटा गेन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगा होता.

फिरता विक्रेता

१८९१ च्या सुमारास जिलेट बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रेता म्हणून रुजू झाले. बाटलीच्या तोंडावर घट्ट बसणाऱ्या कडेला चुण्या असलेल्या पत्र्याच्या बुचाचे जनक विल्यम पेंटर हे या कंपनीचे प्रमुख होते. सोडावॉटर व शीतपेयांच्या बाटल्यांवर आजही दिसणारे हे बूच बाटली उघडताच निरुपयोगी होते, त्यामुळे प्रत्येक नव्या बाटलीसाठी नवे बूच लागते. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल आणि ग्राहकाला पुन्हापुन्हा विकत घ्यावी लागेल अशी एखादी वस्तू शोधून काढण्याचा सल्ला पेंटर यांनी जिलेट यांना दिला. जिलेट यांच्या पुढील वाटचालीचे मूळ या सल्ल्यात असल्याचे मानले जाते.

'द ह्यूमन ड्रिफ्ट'

रेझरची कल्पना सुचण्याच्या एक वर्ष आधी, १८९४ साली, जिलेट यांचे 'द ह्यूमन ड्रिफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. समाजातील दारिद्र्य, गुन्हेगारी आणि श्रमांची नासाडी यांचे मूळ व्यापारी स्पर्धेत आहे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. एकच वस्तू अनेकांनी वेगवेगळी बनवायची, तिची जाहिरात करायची आणि एकमेकांना बुडवायचे, यात मनुष्यबळ वाया जाते असे त्यांचे मत होते. यावर उपाय म्हणून त्यांनी सर्व उत्पादन एका सार्वजनिक महामंडळाच्या हाती सोपवण्याची योजना मांडली. नायगारा धबधब्याच्या परिसरात एक प्रचंड नगर वसवावे, अमेरिकेची बहुतांश लोकसंख्या तेथे राहावी आणि धबधब्याच्या पाण्यावर निर्माण होणाऱ्या विजेवर ते नगर चालावे, अशी ही कल्पना होती. पुस्तकाचा तत्कालीन राजकारणावर फारसा परिणाम झाला नाही, तथापि त्यातील विचार जिलेट यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत.

आधीचे रेझर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दाढीसाठी जगभर प्रामुख्याने घडीचा वस्तरा वापरला जाई. वस्तऱ्याची धार उत्तम असली तर दाढी अतिशय गुळगुळीत होते. मात्र तो चालवण्यास सराव लागतो, हात चुकल्यास खोल जखम होते आणि धार टिकवण्यासाठी तो वरचेवर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. काही काळाने दगडावर नव्याने धार काढणेही अपरिहार्य असते.

ही जोखीम कमी करण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात सुरू झाले. फ्रान्समधील झां-झाक पेरे यांनी वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवून त्याची फक्त कड उघडी ठेवली. १८४७ मध्ये इंग्लंडमधील विल्यम हेन्सन यांनी दांडीला काटकोनात पाते बसवलेला, कुदळीच्या आकाराचा रेझर तयार केला. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी पात्यापुढे संरक्षक जाळी असलेल्या रेझरचे एकस्व घेतले. 'स्टार' या नावाने तो विकला जात असे. त्याने कापण्याचा धोका पुष्कळ कमी झाला, परंतु त्यातील पाते वस्तऱ्यासारखेच जाड, घडवलेल्या पोलादाचे होते. ते दाढीपूर्वी पट्ट्यावर फिरवावे लागे आणि बोथट झाले की धार लावण्यासाठी द्यावे लागे. सुरक्षिततेचा प्रश्न सुटला, तरी धारेचा प्रश्न तसाच राहिला.

कल्पना आणि प्रयोग (१८९५–१९०१)

१८९५ च्या उन्हाळ्यात जिलेट मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे राहत होते. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार, एका सकाळी दाढी करताना वस्तरा इतका बोथट झालेला आढळला की पट्ट्यावर फिरवूनही त्याचा उपयोग होईना. त्या क्षणी त्यांना वस्तऱ्याची रचना नव्या दृष्टीने दिसली. केस कापण्याचे काम केवळ पात्याची बारीक कड करते, बाकीचे जड पोलाद तिला आधार देण्यापुरतेच असते. आधार दुसऱ्या कशाने दिला, तर पाते कागदासारखे पातळ व स्वस्त करता येईल आणि धार गेल्यावर ते टाकून देता येईल, असा विचार त्यांनी केला. त्याच दिवशी त्यांनी पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी वापरली जाणारी पोलादी पट्टी, कानस व लहान शेगडा असे साहित्य आणून पहिला नमुना तयार करण्यास सुरुवात केली.

कल्पना सोपी असली तरी ती प्रत्यक्षात आणण्यास सहा वर्षे लागली. वस्तरा जाड पोलादातून घडवला जाई. पातळ पत्र्याचे पोलाद तापवून एकदम थंड केले की ते वाकडे होई किंवा ठिसूळ बनून तुटे. पुरेसे कठीण केल्याशिवाय धार टिकत नसे. जिलेट यांनी बोस्टन परिसरातील कारागिरांकडे व मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जाणकारांकडे विचारणा केली. पातळ पत्र्याला अशी धार येणे शक्य नाही, असेच मत त्यांना बहुतेक ठिकाणी ऐकावे लागले. स्वतःला धातुशास्त्राचे शिक्षण नसल्यामुळेच आपण हा नाद सोडला नाही, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे.

१९०१ मध्ये विल्यम एमरी निकरसन हे अभियंते त्यांना येऊन मिळाले. निकरसन यांचे शिक्षण मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाले होते आणि यंत्ररचनेचा त्यांना दांडगा अनुभव होता. पात्याच्या पोलादाला पाणी देण्याची पद्धत आणि दोन्ही कडांना एकसारखी धार लावणारी यंत्रे त्यांनी विकसित केली. कल्पना जिलेट यांची असली, तरी लाखोंच्या संख्येने एकसारखी पाती तयार होणे निकरसन यांच्याविना शक्य नव्हते. रेझरला त्यांचे नाव न मिळण्याचे एक कारण गमतीचे सांगितले जाते. निकरसन या आडनावाच्या पहिल्या भागाचा इंग्रजीतील अर्थ बारीक काप असा होतो आणि दाढीच्या साधनाला असे नाव देणे कोणत्याही विक्रेत्याला परवडणारे नव्हते.

कंपनीची स्थापना

२८ सप्टेंबर १९०१ रोजी बोस्टन येथे 'अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनी' स्थापन झाली. पुढील वर्षी तिचे नाव 'जिलेट सेफ्टी रेझर कंपनी' असे करण्यात आले. यंत्रांवर खर्च होत गेला, उत्पादन मात्र सुरू होईना, त्यामुळे कंपनी कर्जात बुडाली. अशा वेळी बोस्टनचे व्यावसायिक जॉन जॉइस यांनी भांडवल पुरवले व कंपनी तगली. या मदतीच्या मोबदल्यात कंपनीवरील जॉइस यांचे नियंत्रण वाढत गेले.

१९०३ मध्ये विक्रीस प्रारंभ झाला. पहिल्या वर्षी केवळ ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. दुसऱ्या वर्षी, १९०४ मध्ये, विकल्या गेलेल्या रेझरची संख्या ९० हजारांवर पोहोचली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेट यांना अमेरिकेचे ७७५१३४ क्रमांकाचे एकस्व मिळाले. याच सुमारास ते जुन्या कंपनीच्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये होते. परदेशातील उत्पादनाचे हक्क विकून टाकण्याचा संचालकांचा विचार असल्याचे समजताच ते परतले आणि तो बेत त्यांनी रद्द करवला. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली व पूर्ण लक्ष रेझरच्या व्यवसायाकडे वळवले. १९०९ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला.

रेझरची रचना : सौम्यता आणि कार्यक्षमता

जिलेट रेझरचे तीन मुख्य भाग आहेत : वरची टोपी, खालची कंगव्यासारखी दाते असलेली पट्टी आणि दांडी. पाते टोपी व पट्टी यांच्यामध्ये ठेवून दांडी पिळली की ते दाबले जाऊन किंचित कमानदार होते. सपाट असताना सहज वाकणारा पातळ पत्रा कमानीच्या आकारात ताठ होतो. जाड पोलादाचा आधार काढून घेतल्यावरही पाते थरथरत नाही, याचे रहस्य या वाकात आहे. सुरुवातीच्या पात्याची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर होती, आजची पाती साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची असतात.

दाढी किती सौम्य होते आणि किती कमी फेऱ्यांत पूर्ण होते, हे मुख्यतः तीन मापांवर अवलंबून असते. पहिले माप पात्याची धार टोपी व पट्टी यांच्या रेषेबाहेर किती डोकावते हे आहे. दुसरे माप धार आणि खालची पट्टी यांमधील फटीचे आणि तिसरे पात्याच्या त्वचेशी होणाऱ्या कोनाचे. हा कोन साधारणपणे ३० अंशांच्या आसपास ठेवला जातो. धार अधिक बाहेर आणि फट अधिक रुंद असेल, तर राठ व वाढलेली दाढीही थोड्या फेऱ्यांत निघते, परंतु हात चुकल्यास त्वचा सोलवटते. धार आत व फट अरुंद असेल, तर त्वचा सुरक्षित राहते, मात्र त्याच जागेवरून रेझर पुन्हापुन्हा फिरवावा लागतो आणि त्यानेही आग होते. म्हणून सर्वाधिक सौम्य रेझर सर्वांनाच सर्वाधिक सुखकर वाटतो असे नाही. दाते असलेली पट्टी लांब केसांना वाट देते, तर अखंड कडेची पट्टी त्वचा ताणून सपाट ठेवते.

पाते हलू न देणे ही या सर्व मापांच्या आधीची अट आहे. धार जराशी थरथरली, तरी केस कापण्याऐवजी ओढला जातो. १९२१ च्या सुधारित रेझरमध्ये पट्टीचा आकार बदलून पाते धारेच्या अधिक जवळ घट्ट धरण्याची सोय करण्यात आली. जिलेट यांच्या मृत्यूनंतर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कंपनीने तबकडी फिरवून १ ते ९ अंकांमध्ये फट कमीजास्त करता येणारा रेझर बाजारात आणला. आज जर्मनी, इंग्लंड, अमेरिका आदी देशांत गंजरोधक पोलाद किंवा पितळ कोरून बनवलेले महागडे रेझर मिळतात. त्यांची तुलना करतानाही हीच मापे पाहिली जातात. अशा रेझरच्या वाढीव किमतीत धातूचा टिकाऊपणा, वजनाचा तोल आणि घडणीतील अचूकता यांचा वाटा असतो. कापण्याचे काम मात्र त्यांतही तेच स्वस्त, दुधारी पाते करते.

किंमत आणि व्यापार

रेझर जवळजवळ फुकट द्यायचा आणि पात्यांवर नफा कमवायचा, ही विक्रीची युक्ती जिलेट यांच्या नावाने सांगितली जाते. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतही तिचा उल्लेख आढळतो. प्रत्यक्षात एकस्वाच्या मुदतीत कंपनीने रेझर कधी स्वस्तात विकला नाही. त्याची किंमत ५ डॉलर होती आणि ती त्या काळच्या सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या वेतनाच्या सुमारे निम्मी भरत असे. चांदीचा मुलामा दिलेला हा रेझर मखमली अस्तराच्या पेटीत मिळे. एका चांगल्या वस्तूचा मालक असल्याचे समाधान ग्राहकाला मिळावे, असा त्यामागचा हेतू होता.

१९२१ मध्ये एकस्वाची मुदत संपली आणि इतर कारखानदारांना तसाच रेझर बनवण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा कंपनीने सुधारित रेझर ५ डॉलरला ठेवला आणि जुन्या घडणीचा रेझर १ डॉलरला विकण्यास काढला. रेझर स्वस्त करून पात्यांचा खप वाढवण्याचे धोरण खऱ्या अर्थाने यानंतरचे आहे.

पहिले महायुद्ध

अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरल्यावर तेथील सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती खरेदी केली. खंदकांत राहणाऱ्या सैनिकाला न्हाव्याकडे जाणे शक्य नव्हते. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसण्यासाठी दाढी काढलेली असणेही गरजेचे होते. युद्धाहून परतलेल्या लाखो तरुणांना घरी स्वतःच्या हाताने रोज दाढी करण्याची सवय लागली होती. त्यामुळे पात्यांना कायमचा ग्राहकवर्ग मिळाला.

समाजविषयक लेखन

आर्थिक यश मिळाल्यानंतरही जिलेट यांनी स्पर्धाविरोधी विचार सोडला नाही. १९१० मध्ये त्यांचे 'वर्ल्ड कॉर्पोरेशन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जगातील सर्व उद्योग हळूहळू विकत घेऊन जनतेच्या मालकीचे करणारी एक जागतिक संस्था स्थापन करावी, अशी योजना त्यात आहे. या संस्थेचे अध्यक्षपद चार वर्षांसाठी स्वीकारावे म्हणून त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना १० लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ मध्ये 'द पीपल्स कॉर्पोरेशन' हे आणखी एक पुस्तक निघाले. या कामी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांचे त्यांना साहाय्य झाले.

अपव्ययाला समाजाचा मुख्य रोग मानणाऱ्या जिलेट यांची कीर्ती मात्र फेकून देण्याच्या वस्तूवर उभी राहिली. हा विरोधाभास अनेकांनी दाखवून दिला आहे. श्रमांची बचत हीच मोठी बचत मानली, तर दोन्ही गोष्टींत एक सुसंगतीही दिसते. धार लावण्यात रोज जाणारा वेळ वाचावा, हा रेझरचा उद्देश होता, तर निरर्थक स्पर्धेत जाणारे आयुष्य वाचावे, हा पुस्तकांचा.

अखेरची वर्षे

१९१० मध्ये जिलेट यांनी आपल्या समभागांचा मोठा हिस्सा जॉइस यांना विकला. अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले, परंतु दैनंदिन कारभारातून ते दूर झाले. पुढे ते कॅलिफोर्नियात स्थायिक झाले व त्यांनी जमिनींमध्ये मोठी गुंतवणूक केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कॅलाबासस येथे वॉलेस नेफ या वास्तुविशारदाकडून त्यांनी विस्तीर्ण निवासस्थान बांधून घेतले.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी उद्योजक हेन्री गाइसमन यांच्याशी नव्या पात्याच्या एकस्वावरून कंपनीचा वाद सुरू झाला. त्यातून १९३० मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. विलीनीकरणापूर्वी हिशेब तपासले असता जिलेट कंपनीचा नफा अनेक वर्षे फुगवून दाखवला गेल्याचे उघड झाले. कंपनीची सूत्रे गाइसमन यांच्या गटाकडे गेली आणि १९३१ मध्ये जिलेट यांनी अध्यक्षपद सोडले. समभागांच्या व जमिनींच्या किमती घसरल्यामुळे त्यांची संपत्ती बहुतांशी नाहीशी झाली. ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भारत आणि महाराष्ट्र

महाराष्ट्रात दाढी-हजामत हे काम परंपरेने न्हावी समाजाकडे होते. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हाव्याचा समावेश होई आणि कामाचा मोबदला त्याला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी व आरसा असलेली धोकटी घेऊन तो घरोघरी जाई. वारकरी संतांमधील सेना महाराज याच व्यवसायातील होते. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या संत नामदेवांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. वस्तऱ्याची धार राखणे ही या व्यवसायातील मोठी कसोटी होती. गिऱ्हाइकाच्या गालाचा गुळगुळीतपणा आणि न्हाव्याची ख्याती दोन्ही त्यावर अवलंबून असत.

विसाव्या शतकात सेफ्टी रेझरमुळे घरच्या घरी दाढी करण्याची पद्धत प्रथम शहरांत व नंतर ग्रामीण भागात रुजली. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील गावांमध्येही बलुत्याची पद्धत मागे पडून रोख पैसे घेणारी केशकर्तनालये सुरू झाली. न्हाव्याची गरज कमी करणारे हे पाते पुढे न्हाव्याच्याच हाती आले. दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्याच्या आकाराच्या पकडीत बसवण्याची पद्धत भारतभर रूढ झाली. त्यामुळे धार लावण्याचे कष्ट संपले. एचआयव्ही व कावीळ यांसारखे आजार रक्तातून पसरतात, याविषयी जनजागृती झाल्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. दगडावर पुन्हापुन्हा धार लावलेल्या जुन्या वस्तऱ्याने ही दक्षता घेणे अवघड होते.

या पात्याचा आणखी एक उपयोग दाढीशी संबंधित नाही, पण अधिक मोलाचा आहे. घरी होणाऱ्या बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा हाती येईल त्या अवजाराने कापली गेल्यास नवजात बालकाला धनुर्वात होण्याची भीती असते. म्हणून दाईंना दिल्या जाणाऱ्या प्रसूती संचात साबण व स्वच्छ दोऱ्याबरोबर कोरे पाते ठेवले जात असे. एकदाच वापरायचे असणे, हा येथे पात्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

भारतात १९८४ मध्ये 'इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना राजस्थानातील भिवाडी येथे होता. पुढे तिचे नाव 'जिलेट इंडिया' असे झाले. 'सेव्हन ओ'क्लॉक' ही तिची पाती देशभर विकली गेली. २००५ मध्ये मूळ अमेरिकन कंपनी 'प्रॉक्टर अँड गॅम्बल' या उद्योगसमूहात विलीन झाली. महाराष्ट्रात ठाणे येथेही दाढीच्या पात्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले आहे.

वारसा

जिलेट यांच्या रेझरने दाढी करणे हे कुशल कारागिराचे काम न राहता कोणालाही शिकता येणारे नित्यकर्म बनले. यंत्राने लाखोंच्या संख्येने एकसारखी आणि अतिशय बारीक धार निर्माण करणे हे त्या काळातील उत्पादनतंत्राचे मोठे यश होते. दुसरीकडे, वापरा आणि फेका या पद्धतीच्या आरंभीच्या उदाहरणांत या पात्याची गणना होते. १९७० च्या दशकापासून प्रचारात आलेल्या अनेक पात्यांच्या प्लास्टिक रेझरमुळे कचऱ्याचा प्रश्न अधिक बिकट झाला, कारण त्यांतील धातू व प्लास्टिक वेगळे करणे कठीण असते. जुन्या पद्धतीचे धातूचे रेझर पुन्हा पसंत केले जाण्यामागे खर्चाबरोबर हेही एक कारण आहे. असा रेझर अनेक वर्षे टिकतो आणि टाकून द्यावे लागते ते केवळ पोलादाचे पातळ पाते.

कॅलाबासस येथील त्यांची मालमत्ता आज 'किंग जिलेट रँच' या नावाने सार्वजनिक उद्यान म्हणून खुली आहे. त्यांनी कल्पिलेले नायगाराकाठचे नगर मात्र कधी वसले नाही.